सदैववाल्यांना मी सोडणार नाही

…आणि वर मला सांगतो, 'तुमची अडचण मी समजू शकतो सर.' अरे, समजू शकतोस तर समज ना! शकतोस कशाला? साईट बंद पडलेली, अकरा वाजून गेलेले, दुकानातला फोन एकीकडे कोकलतोय, खिशातला दुसरीकडे कोकलतोय, आणि हा बाळाला थोपटावं तसा गोड गोड आवाज काढून, 'मी समजू शकतो सर, लाईनवर राहा सर,' आणि मागं बासरी! बासरी लावतात हो! माझ्या जिवाची लाही लाही झालेली आणि हे मला बासरी ऐकवतात!… तुम्ही हलू नका, मान मागं टेकवा. थेंब आत्ताच घातलेत, बाहुल्या मोठ्या व्हायला अर्धा तास लागतो, तोवर तुम्हाला धड दिसणार नाही की धड उठून जाता येणार नाही. बाकड्यावर तिघं आहात, तिघांचे डोळे मिटलेले आणि कान उघडे. मला असेच श्रोते आवडतात. तर तुम्हाला सांगतो, त्या सदैववाल्यांना मी सोडणार नाही!

कोण सदैववाले? खरं नाव मी या दुकानात उच्चारत नाही. जाहिरातीत लिहितात 'सदैव तुमच्या सोबत', म्हणून मी म्हणतो सदैववाले. सर्व्हर भाड्यानं देतात. म्हणजे असं बघा, एक मोठ्ठा कॉम्प्युटर कुठल्यातरी गार खोलीत ठेवायचा, त्याचे वीस-पंचवीस तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला सांगायचं, हा घ्या, हा तुमचा स्वतःचा! व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर! एका इमारतीतली एक खोली म्हणा ना. कुलूप तुमचं, किल्ली तुमची, आत काय मांडायचं ते तुम्ही ठरवा. फक्त इमारत पडली की… बासरी!

आता चष्मेवाल्याला सर्व्हर कशाला, असं तुमच्या मनात आलं ना? आलंच असेल, भुवई हलली तुमची. मला नकोय हो. माझ्या ताईला हवा. ती आत मागच्या खोलीत टेबलाशी बसलीय ना, ती. नऊ वर्षांनी मोठी माझ्याहून. शब्दकोडं करते. एका वर्तमानपत्रात रोज एक, अशी बावीस वर्षं होत आली होती, आणि एका दिवसाचा खाडा नाही! ताप असो, घरात लग्न असो, पाय प्लास्टरमध्ये असो. पित्ताशयाचं ऑपरेशन होतं तेव्हा भूल देणारे डॉक्टर नाकावर मास्क धरून म्हणाले, 'बाई, दहापासून उलटं मोजा,' तर ही मास्कच्या आतून म्हणते, 'उलटं मोजा… पाच अक्षरं झाली. मला चार हवीत.' अशी ती!

मग ते वर्तमानपत्र बंद पडलं. वर्तमानपत्र पडलं, ताई नाही! ताईच्या जावयानं एका दिवसात साईट उभी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या ठोक्याला कोडं हजर. वाचक तीन हजार, सगळे मागोमाग आले. सर्व्हर कुणाचा घ्यायचा ते मात्र मी ठरवलं. कसं ठरवलं? शहाणीसुरती माणसं ठरवतात तसंच! 'सर्वात भरवशाचे दहा' अशी यादी इंटरनेटवर बघितली आणि पहिल्या नंबरवर जे होते त्यांना घेतलं. पुढं जावई म्हणाला, 'मामा, त्या यादीत पहिला नंबर विकत मिळतो.' अरे, मग आधी सांगायचंस! तर म्हणे, 'तुम्ही विचारलं नाहीत.' खातं ताईच्या नावावर उघडलं, तिचाच मेल दिला. म्हटलं, कोडं तिचं, मान तिचा. आणि वर्षभरानं, एका मंगळवारी, अकरा वाजले आणि पडद्यावर आलं, 'ही साईट सध्या उपलब्ध नाही.'

उपलब्ध नाही म्हणजे? गेली कुठं? बाजारात? अकरा वाजून दोन मिनिटांनी पहिला फोन आला. दातांचे डॉक्टर, त्या पलीकडच्या इमारतीतले. मागून 'आ… आ…' असा आवाज येतोय. म्हटलं, 'डॉक्टर, पेशंट आहे का तिथं?' तर म्हणतात, 'आहे, आणि त्याचं तोंडही उघडं आहे, पण आधी कोडं कुठंय ते सांगा.' मग एक निवृत्त न्यायाधीश बाई, 'विलंबाचं कारण लेखी कळवा.' मग असे किती! मी इकडं एका हातानं भिंगाची कड घासतोय, दुसऱ्या हातात फोन, आणि कानात तो बासरीवाला. पहिल्या दिवशी म्हणाला तासाभरात होईल. दुसऱ्या दिवशी म्हणाला, प्रक्रिया सुरू आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाला, वरिष्ठांकडे पाठवलंय. चौथ्या दिवशी मी म्हटलं, तुझे वरिष्ठ फोनवर दे. तर म्हणतो, 'सर, मीच वरिष्ठ आहे.' पाचव्या दिवशी साईट जशी गेली तशी परत आली. माफी नाही, कारण नाही. आली आपली!

पण चार दिवस गेले ना? बावीस वर्षं, आठ हजारांवर कोडी, आणि त्या ओळीत चार दिवसांचं भगदाड! ताई ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. रडली असती तरी चाललं असतं. तिनं काय केलं? सगळ्या पेन्सिलींना टोकं काढली, सोळाच्या सोळा, डब्यात ओळीनं ठेवल्या, झाकण लावलं आणि म्हणाली, 'झालं.' बास. दुसऱ्या दिवसापासून साडेदहाला दुकानात यायची आणि इथं, या काउंटरवर, मांडून ठेवलेल्या फ्रेम पुसत बसायची. माझी ताई! जिच्यापायी रोज सकाळी तीन हजार माणसं डोकं खाजवतात, ती फडकं घेऊन चष्मे पुसतेय! गिऱ्हाईक आलं की म्हणायची, 'या, बसा, भाऊ येतोय.' मला बाराखडी हिनं शिकवली, शाळेत कुणी चष्मिष्या म्हटलं तर त्याच्या दप्तराची पार वाट लावून यायची, आणि मी तिला काय दिलं? पहिल्या नंबरचा सर्व्हर!

एक दिवस धीर करून म्हटलं, 'ताई, बस झालं, काढ तो डबा.' फ्रेम पुसता पुसताच म्हणाली, 'आधी जागा शोध. न पडणारी. माझ्यासमोर पुरावा ठेव, मग बघू.' म्हटलं, 'शोधतो.' आणि मग तिनं मान वर केली, चष्म्यावरून बघितलं माझ्याकडं आणि म्हणाली, 'आणि त्यांना सोडू नकोस.' संपलं! ताईचा शब्द! त्या दिवशी मी ठरवलं, एकीकडं ताईसाठी दगडासारखी पक्की जागा शोधायची आणि दुसरीकडं यांचं नाक असं कापायचं, असं कापायचं, की पुन्हा कुठल्या यादीत तोंड दाखवायला नको. सोडणार नाही मी त्यांना!

जावयाला बोलावला. हुशार आहे, पण एका प्रश्नाचं सरळ उत्तर देईल तर शपथ. 'कुठली कंपनी चांगली?' तर, 'मामा, ते डिपेंड करतं.' 'कशावर?' 'म्हणजे मामा, तसं बघितलं तर कुणीच वाईट नाही, आणि तसं बघितलं तर कुणीच चांगलं नाही.' अरे, मी तुला सर्व्हर विचारतोय की संसार? मग म्हणतो, 'सगळेच नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के चालू राहण्याची हमी देतात.' मी म्हटलं, थांब. आमच्या धंद्यात पाव नंबर चुकला तर गिऱ्हाईक जिन्याची पायरी चुकतं. मला टक्के सांगू नकोस, तास सांग. गणित केलं. वर्षातले पावणेनऊ तास! हमी देऊन पावणेनऊ तास बंद! आणि ते कधी बंद ठेवायचे हे कोण ठरवणार? तेच! रोज अकराच्या ठोक्याला सव्वा-सव्वा मिनिट बंद ठेवलं तरी हमी शाबूत!

तेव्हा मी म्हटलं, जाहिरात नको, यादी नको, कुणाचा सल्ला नको, आपण डोळे तपासतो तसं एकेकाला समोर बसवून तपासायचं. नऊ कंपन्यांकडं सगळ्यात लहान तुकडा घेतला. दहावे सदैववाले, त्यांची खोली सोडली नाही, आरोपी म्हणून ठेवली. प्रत्येकाकडं एकेक पान टाकलं. जावयानं असा एक प्रोग्रॅम करून दिला की दर मिनिटाला दहाही दारांवर टकटक करायची आणि कुणी 'ओ' दिली नाही की नोंद. आणि ती वर समोर पेटी दिसते का… हो, तुम्हाला आत्ता नाही दिसायची. नजर तपासायची जुनी पेटी, दहा ओळी, प्रत्येक ओळीमागं एक दिवा. त्या दहा ओळी दहा कंपन्यांना वाटून दिल्या. जी कंपनी पडेल तिचा दिवा विझणार! सदैववाल्यांना कुठं बसवलं? सगळ्यात खाली, मुंग्यांएवढ्या अक्षरांच्या ओळीत. मुद्दाम! म्हटलं, तुमची लायकी ही.

आणि मग सुरू झाला तमाशा. एका आजोबांना म्हटलं, 'दुसरी ओळ वाचा.' म्हणाले, 'दुसरी ओळ गेली.' मी घाबरलो, एकदम मोतीबिंदू की काय! वर बघतो तर वाघवाले पडलेत. त्यांच्या चित्रात वाघ आहे म्हणून वाघवाले. या वाघवाल्यांना मी विचारलं होतं, 'बॅकअप घेता का?' बॅकअप म्हणजे काय, तुमच्या सगळ्याची रोज एक नक्कल काढून बाजूला ठेवायची, घात झाला तर असावी म्हणून. तर छाती फुगवून म्हणाले, 'रोज घेतो!' म्हटलं, 'छान, मग कालची नक्कल परत आणून दाखवा.' तिसऱ्या दिवशी उत्तर, 'नक्कल घेण्याची सोय उपलब्ध आहे, परत आणण्याची सोय लवकरच उपलब्ध होईल.' घ्या! विहिरीत टाकायचं आणि वर सांगायचं, बघा, किती सुरक्षित आहे!

मग ती हसरी. तिच्या साईटवर कोपऱ्यात एका बाईचा हसरा फोटो आणि खाली, 'मी मदत करू का?' मी लिहिलं, 'सर्व्हर बंद आहे.' तीन सेकंदांत उत्तर! म्हटलं, वा, ही खरी माणसं. उत्तर काय? 'नमस्कार! आज आपला दिवस कसा चाललाय?' मी लिहिलं, 'वाईट. सर्व्हर बंद आहे.' 'हे ऐकून आनंद झाला! आणखी काही मदत?' बरं, भांडावं तरी कुणाशी? तिकडं कुणी नाहीच! फोटोतल्या बाईशी मी पंधरा मिनिटं भांडलो, शेवटी तिनंच मला विचारलं, 'आमच्या संभाषणानं आपण समाधानी आहात का?'

रॉकेटवाल्यांचा वेग काय वर्णावा! पण दुपारी तीन वाजले की त्यांचा दिवा लुकलुकायला लागायचा. विचारलं, तर म्हणतात, 'आपल्या शेजारच्या खोलीतला ग्राहक सध्या फार काम करतोय, त्यामुळं आपल्याला थोडं आखडून राहावं लागेल.' म्हटलं, 'मग त्याला दम द्या!' तर म्हणतात, 'त्यांनीही आपल्याबद्दल हेच कळवलंय.' माझ्याबद्दल! माझ्या खोलीत एक पान होतं, त्यावर 'चाचणी' असा एक शब्द! आणि हत्तीवाले तर आठव्या आठवड्यात अख्खे नाहीसे झाले. दिवा गेला तो गेलाच. फोन लावला, तर पलीकडं कुणीतरी म्हणालं, 'इथं आता पडद्यांचं दुकान आहे.'

असं एकेक करत पेटी काळी पडत चालली. तिसरी ओळ गेली, आली, पुन्हा गेली. पाचवी गेली. गिऱ्हाईकं वैतागली, म्हणाली, चष्मा लावल्यापासून कमीच दिसतंय. पण तुम्हाला सांगतो, माझं लक्ष कुणाकडं होतं? खालच्या ओळीकडं! ती मुंग्यांएवढी ओळ… विझेचना! एक आठवडा, चार आठवडे, दहा आठवडे! मी समोर स्टूल टाकून बसायचो, दातओठ खात, अरे पड ना! एकदा पड! मला पुरावा दे! ताईच्या त्या चार दिवसांचं काय केलंस, आणि आता कसा गरीब गायीसारखा जळतोयस! जावयाला म्हटलं, दिवा बिघडलाय. म्हणाला, 'नाही मामा, चालू आहेत ते.' म्हटलं, प्रोग्रॅम बिघडलाय. म्हणाला, 'नाही मामा.' म्हटलं, मग तू बिघडलायस! तीन महिने झाले, वही उघडली, बेरीज केली. वाघवाले एकतीस तास बंद. हसरी अठरा तास. रॉकेटवाले, त्या रोजच्या दुपारी, जाऊ दे. आणि सदैववाले… शून्य! एक मिनिट नाही! काय अंगाचा तिळपापड झाला सांगू! ज्याला फासावर द्यायचं तोच वर्गात पहिला!

लावला फोन. दुसऱ्या रिंगला उचलला. बासरी नाही, काही नाही, तोच गोड आवाज. मी सुरूच झालो, म्हटलं, 'तुम्ही नालायक आहात, तुम्ही विश्वासघातकी आहात, तीन महिने एक मिनिट बंद पडत नाही, लाज नाही वाटत? मग त्याच चार दिवसांत काय धाड भरली होती तुम्हाला?' आता तुम्हीच सांगा, कुठल्या गिऱ्हाइकानं अशी तक्रार केली असेल? त्यानं टकटक टकटक काहीतरी टाईप केलं. आणि म्हणाला… थांबा हं.

जरा पुढं सरका. अजून. मी ते मधलं दार लोटून येतो.

आता हळू बोलतो. तो म्हणाला, 'सर, आम्ही त्या वेळी सगळे सर्व्हर जुन्या जागेतून नव्या जागेत हलवत होतो. ग्राहकानं फक्त एकदा होकार द्यायचा होता. तुमच्या खात्याकडून होकार आला नाही, शेवटी पाचव्या दिवशी वरिष्ठ म्हणून मीच तो दिला. आम्ही अकरा सूचना पाठवल्या होत्या.' म्हटलं, 'खोटं! कुठं पाठवल्या?' म्हणाला, 'खातेदार बाईंच्या मेलवर, सर.'

मी म्हटलं, आता गाठलाच तुला! ताईचा मेल उघडून दाखवतो, एकही सूचना नाही, मग बघ तुझी काय फजिती करतो. ताई दाढ दाखवायला त्याच दातांच्या डॉक्टरांकडं गेली होती, दुपारची चारची वेळ. आत गेलो, तिच्या कॉम्प्युटरवर मेल उघडला. शोधलं. नाही. खाली गेलो. नाही. मी म्हटलं, सापडला चोर! आणि मग डाव्या बाजूला मला एक कप्पा दिसला. नाव काय होतं कप्प्याचं? 'रुसलेले.'

तुम्हाला माहीत नाही, सांगतो. ताई वर्तमानपत्रात लागली तेव्हा तिथल्या संपादकांनी तिला एक नियम घालून दिला होता. कोडं करणाऱ्याला रागावलेल्या वाचकांची पत्रं रोज येणार, 'उद्यापासून सोपं करा नाहीतर तुमचं कोडं सोडवणं बंद करीन,' 'ही शेवटची सूचना समजा,' असली. तर अशा पत्राला उत्तर द्यायचं नाही. उघडायचंसुद्धा नाही. महिनाभर तसंच ठेवायचं, रुसलेला माणूस महिन्यात आपोआप निवळतो. ताईनं बावीस वर्षं तो नियम पाळला आणि साईट झाल्यावर मेललाही तोच लावला. आणि सदैववाल्यांच्या मेलवर ठळक अक्षरांत काय लिहिलेलं? 'अंतिम सूचना. आपण प्रतिसाद न दिल्यास सेवा बंद करण्यात येईल.' झालं! ताईला वाटलं, हा कुणीतरी फारच रुसलाय. एक नाही, दोन नाही, अकराच्या अकरा सूचना त्या कप्प्यात, न उघडलेल्या, ओळीनं, आणि प्रत्येकीवर तिनं खूण केलेली, 'महिन्यानं बघू.' आणि महिना व्हायच्या आत तर डबाच बंद झाला!

तीन महिने! तीन महिने मी ज्यांच्या नावानं बोटं मोडली त्यांनी अकरा वेळा हात जोडले होते. आणि तेवढ्यात पाठीमागं ताई! अर्धं तोंड बधिर, गालावर हात, 'काय बघतोयस रे?'

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? खरं सांगितलं असतंत? की ताई, ती बावीस वर्षांची ओळ तुझी तूच तोडलीस? तिनं परत डब्याचं झाकण उघडलं असतं? मी ताईकडं बघितलं, काउंटरवरचं ते फडकं डोळ्यांसमोर आलं, आणि माझं बोट आपोआप गेलं हो. अकराच्या अकरा पुसल्या. आणि ओरडलो, 'बघ ताई, बघ! एक सूचना पाठवली नाही मेल्यांनी! एक नाही! माणसं आहेत की कोण?' आणि तुम्हाला सांगतो, ती हसली. अर्ध्याच तोंडानं, दुसरं अर्धं बधिर होतं, पण हसली. म्हणाली, 'मला माहीत होतं.' मग म्हणाली, 'जागा सापडली?' म्हटलं, 'सापडली, तीन महिन्यांत एक मिनिट बंद नाही.' तिच्यापुढं वही ठेवली. बोटानं आकडे तपासले तिनं, सगळे. 'कोण आहेत?' आता काय सांगू? तोंडाला येईल ते नाव सांगितलं. 'निवांतवाले.' म्हणाली, 'नाव बरं आहे.' आणि डबा उघडला.

तर साईट होती तिथंच आहे. खात्याला मेल तेवढा माझा दिलाय. कोडं पुन्हा सुरू, क्रमांक एकपासून. मी म्हटलं, 'ताई, पुढचा आकडा घाल की.' तर म्हणाली, 'मी ठिगळ लावत नाही.' आज एकशे सदतिसावं लागलं. सगळं कसं… काय? मग आता तक्रार काय, म्हणता? अहो, तक्रार इथूनच सुरू होते! ताई रोज साडेदहाला उद्याचं कोडं करायला टेबलाशी बसते आणि पहिला शब्द सुचायच्या आधी मला हाक मारते, 'काय रे, त्या सदैववाल्यांना आज काय म्हणालास?' तिला राग आला की तिचं डोकं चालतं! तिला रोज त्यांच्या नावानं एक सणसणीत लागते, ती ऐकली की पेन्सिल कागदावर टेकते. आणि कालची आज चालत नाही! बावीस वर्षं जिनं एक सूचक शब्द दोनदा वापरला नाही तिला शिळी शिवी कशी चालेल? 'ही परवा झाली,' म्हणते. 'ही सोपी आहे,' म्हणते. चाळीस दिवस मी आपल्या जोरावर काढले, मग आटलो. आयुष्यभर चष्मे विकले हो, मला अशा येऊन येऊन किती येणार? एक दिवस काहीच सुचलं नाही, तर सव्वाअकरापर्यंत पेन्सिल हातात आणि कागद कोरा.

शेवटी काय करतो? ज्याला बुडवायला निघालो होतो त्यालाच फोन केला. सगळं सांगितलं, ताई, कप्पा, पुसलेल्या सूचना, सगळं. म्हटलं, 'भल्या माणसा, मी तुझा अपराधी आहे, पण माझ्याजवळच्या शिव्या संपल्या, आणि ताईची पेन्सिल थांबलीय.' मला वाटलं, आता ठेवतोय फोन. मग हळूच म्हणतो, 'सर, आमच्याकडे रोज ग्राहकांच्या ताज्या येतात. त्यातली एक चांगली निवडून पाठवत जाऊ का? साडेदहाच्या आत?'

…'काय रे, दार का लोटलंस? कुणाशी कुजबुजतोयस?' ऐकलंत, ऐकलंत ना? उठली वाटतं. 'काही नाही गं ताई, त्यांचंच चाललंय, त्या नालायकांचं! सोडणार नाही मी त्यांना!'… तर तुम्हाला सांगतो, तेव्हापासून येते. रोज. साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना, एक शिवी, स्वच्छ टाईप केलेली, आणि खाली, 'आपला विश्वासू.' मला ताप आला, दुकानाचं छप्पर गळलं, जावयाचं लग्न मोडता मोडता वाचलं, पण शिवीचा अजून एक दिवस खाडा नाही. इतकी भरवशाची माणसं मी जन्मात पाहिली नाहीत हो… आणि मेल्यांना एक दिवस धड चांगलं म्हणायची सोय नाही!